अकारविल्हे मेनू

उज्वला भडकली होती, आणि का भडकू नये? कर्जतच्या त्या छोट्या कंपनीत दूध डेअरीच्या वेबसाइटचा जुना कोड तिने एकटीने निस्तरला होता. एकच काम ठिकठिकाणी लिहिलेलं, ते उचलून तिने सगळ्यांसाठी एका फाइलीत आणलं. बटण दाबलं की उघडणारा कामांचा मेनूही नव्याने बांधला. फक्त त्यातला क्रम जुनाच ठेवला, कारण कडावच्या दूध संकलन केंद्रावर ती स्वतः बसून आली होती. तिथला पांडू एका हाताने कॅन तिरका करतो, दुसऱ्याने बटणं दाबतो आणि डोळे दुधातलं फॅट मोजणाऱ्या यंत्रावर. स्क्रीन बघतो कोण!

कंपनीच्या मालकाला, अनुपमला, तिने हे बजावून सांगितलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी! बाकीचे मेनू अकारविल्हे, मग हाच का नाही, म्हणून त्याने परस्पर क्रम बदलला आणि सुरूही करून टाकला.

सकाळी रांगेत पहिली चंद्राबाई. पांडूने रोजची बटणं दाबली. 'जमा'च्या जागी आता 'नाकारले' येऊन बसलं होतं. बाईच्या फोनवर आपोआप मेसेज गेला: भेसळीमुळे दूध नाकारले. मागच्या बायांनी वाकून पाहिलं. पांडूने मान वर केली तोवर चंद्राबाई दुधात पाणी घालते, हे रांगभर झालं होतं.

"म्याडम, बाई कॅन तशीच टाकून रडत घरी गेली," पांडूने फोनवर सांगितलं. "म्हनते, सगळ्यांदेखत अब्रू गेली. आता केंद्रावर पाय ठेवनार नाय."

उज्वलाने हे अनुपमच्या कानावर घातलं, तर त्याने खांदे उडवले. "तुमच्या तिकडच्या लोकांना स्क्रीन वाचायला शिकव आधी. नोंद गुपचूप दुरुस्त कर. फार तर तिला 'तांत्रिक अडचण' म्हणून कळव."

तुमच्या तिकडच्या! उज्वला कर्जतला लागून असलेल्या भिसेगावची, भिसेगाव काय सातासमुद्रापार आहे? पण 'तिकडचे' म्हणजे गाव नव्हे, जात, हे तिला शाळेपासून कळत होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने नोंद सुधारली, मेनूचा क्रम पूर्ववत केला आणि मेसेज लिहिला: 'चंद्राबाईंचं दूध चोख होतं. चूक आमच्या कंपनीची. माफ करा.' तो तिने एकट्या चंद्राबाईला नाही, कडावला दूध घालणाऱ्या झाडून सगळ्या खातेदारांना पाठवला.

अनुपम तरातरा आला. "गावभर बोभाटा केलास! कोणाला विचारून?"

"बाईची बदनामी गावभर झाली सर. मग माफी काय तिच्या कानात मागायची?"

त्याने काढून टाकायची धमकी दिली. खुशाल काढा, म्हणाली ती.

संध्याकाळी पांडूचा फोन आला. चंद्राबाई कॅन घेऊन आली होती. मागे तिचाच आवाज ऐकू येत होता. स्वतःचा फोन ती रांगेतल्या बाईपुढे धरून म्हणत होती, "वाच की गं आता. मोठ्यांदी वाच."