सतरा जागी एक किल्ली

सुनीतीला ती किल्ली पहिल्यांदा दिसली तेव्हा हसूच आलं. इंग्रजीत लिहिलेलं 'ईश्वरी' आणि पुढे एकचा आकडा, मिळून बरोबर आठ अक्षरं. ईश्वरी म्हणजे नंदकिशोर सरांची मुलगी. तिच्या वाढदिवसाचा केक सुनीतीने दोनदा खाल्ला होता.

वाशीतल्या त्या कंपनीत सगळे मिळून अकरा जण, आणि सरांनी स्वतः लिहिलेल्या एका प्रोग्रामवर सगळ्यांची घरं चाललेली. द्रोणागिरीला कंटेनरची पाच गोदामं असलेली एक फर्म तो वापरायची. कुठला कंटेनर सोडायचा याचा हुकूम फर्मच्या ऑफिसातून फोनच्या लाइनवरून थेट गोदामाच्या फाटकावरच्या कॉम्प्युटरला जायचा. हुकूम खरा की बनावट हे ओळखू यावं म्हणून प्रोग्राम त्यावर एक खूण उमटवायचा, आणि ती खूण या किल्लीतून तयार व्हायची. किल्ली ज्याच्या हातात, त्याचा हुकूम खरा.

अशी किल्ली कुणाच्या नजरेला पडता कामा नये. इथे ती प्रोग्रामच्या पोटातच लिहिलेली होती, सतरा ठिकाणी, आणि पाचही गोदामांना एकच. फ्लॉपीवरची फाइल उघडून कुणी अक्षरं चाळत बसला असता तर संध्याकाळपर्यंत त्याला ती सापडली असती. कंपनी सोडून गेलेल्यांना तर ती पाठच असणार.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये सरांनीच तिला हा कोड साफ करायला सांगितलं होतं. तो फार गुंतला होता. एका ठिकाणी हात लावला की तीन ठिकाणी बिघडायचं. सर तिचे गुरू. पदवीनंतर घरी बसलेल्या मुलीला त्यांनी बोलावून घेऊन प्रोग्रामिंग शिकवलं होतं. त्यामुळे त्यांची चूक काढताना तिला अवघडल्यासारखं होत होतं, पण काम तिने मनापासून केलं. सतरा जागा पुसून किल्ल्यांचा सगळा कारभार तिने एका जागी आणला. किल्ली प्रोग्रामच्या बाहेर ठेवली, प्रत्येक गोदामाची वेगळी, दर तीन महिन्यांनी बदलणारी, दोन अधिकाऱ्यांकडे अर्धी अर्धी.

फाटकावरचं काम प्रत्यक्ष कसं चालतं ते बघायला ती द्रोणागिरीला जाऊन आली. तिथे हौसेराव होते, गेट क्लार्क. मूळचे साताऱ्याकडचे, पन्नाशीचे, शिरवण्यात भाड्याच्या खोलीत राहणारे. त्यांनी तिला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. पूर्वी कागदावर हुकूम यायचे तेव्हा ऑफिसातल्या प्रत्येकाची सही ते लांबून ओळखायचे, खोटी सही त्यांनी दोनदा पकडली होती, असं त्यांनी जरा अभिमानाने सांगितलं.

"आता माझ्या डोळ्याला कोन इचारतंय, मॅडम," ते म्हणाले. "मशीन हो म्हनलं की मी फाटक उघडायचं. पर मशीन चुकत नसंलच की."

सुनीती म्हणाली, नाही चुकत. नवा प्रोग्राम महिन्याभरात बसणारच होता, तेव्हा तिला ते खोटंही वाटलं नाही.

सप्टेंबरात काम पुरं झालं. सरांनी ओळ न् ओळ वाचली आणि मान डोलावली. पण बसवायचं म्हटल्यावर ते मागे सरले. जुनी किल्ली टाकून द्यायची तर का टाकायची हे फर्मला सांगावं लागणार, आणि फर्म तर आणखी दोन गोदामांचं काम देणार होती. दिवाळीनंतर बघू, म्हणाले. दिवाळी झाली, संक्रांत झाली. सुनीतीने दोनदा आठवण केली, तीही तोंडी, चहा पिता पिता. जानेवारीत तिला टेक्निकल हेड केलं आणि काचेची केबिन दिली. त्यानंतर तिने आठवण केली नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हौसेरावांच्या फाटकातून दोन कंटेनर बाहेर पडले ते परत दिसलेच नाहीत. हुकूम स्क्रीनवर आला होता, खूण जुळली होती, हौसेरावांनी ट्रकचे नंबर नेमाने वहीत लिहिले होते. फक्त ऑफिसातून असा हुकूम कुणी पाठवलाच नव्हता. चोरी कळली त्याच दिवशी हौसेरावांना घरी बसवलं. हुकूम कुणी बनवला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

फर्मचं पत्र आलं: तुमचा प्रोग्राम फसवता येतो का? सरांनी उत्तर तयार केलं की फाटकावरच्या माणसाचा हात असल्याशिवाय हे अशक्य आहे. खाली सहीसाठी सुनीतीचं नाव होतं.

"सर, हे खरं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे."

सर चिडले नाहीत. अकरा घरांचा प्रश्न आहे, म्हणाले. मग म्हणाले, "तुझा नवा कोड उद्याच पाचही ठिकाणी बसवू. तुला हेच हवं होतं ना?"

पत्रावर तिने सही केली नाही. ती सरांनी केली. पण कोड बसवायला ती गेली. तिने स्वतःला समजावलं की भोक उघडं ठेवलं तर उद्या दुसऱ्या कुणाची नोकरी जाईल, आणि ते खोटंही नव्हतं. दोन दिवस फिरून पाचही मशीनवरचा जुना प्रोग्राम तिने स्वतःच्या हाताने पुसला. चौथं मशीन हौसेरावांचं होतं. खुर्चीवर दुसराच माणूस बसला होता.

फर्मने आपल्या ऑफिसात चौकशी बसवली तेव्हा ती न बोलावता गेली. सगळं सांगितलं: सतरा जागा, ईश्वरीचं नाव, सप्टेंबर, दिवाळी. जुन्या प्रोग्रामची फ्लॉपीही पुढे ठेवली. चौकशी अधिकारी भला माणूस होता. त्याने शांतपणे विचारलं, हाच प्रोग्राम त्या दिवशी फाटकावर चालू होता कशावरून? फ्लॉपीवर कुणीही काहीही लिहू शकतं. सप्टेंबरात तुम्ही लेखी कळवलं होतं का? नव्हतं. मग जुना पुसला कुणी?

"मी," ती म्हणाली.

बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञाने फाटकावरचा प्रोग्राम तपासला होता. किल्ल्यांची इतकी नीटस व्यवस्था आपण क्वचितच पाहिली, ती बाहेरून फोडणं जवळपास अशक्य आहे, असा त्याचा अहवाल होता. आपण तपासतोय तो प्रोग्राम चोरीनंतर बसवलाय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सुनीतीने सांगितलं तेव्हा अहवालावर सह्या झालेल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर सर होते. मुलगी हुशार आहे, सध्या मनाला फार लावून घेतलंय तिने, एवढंच ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली काळजी खरी होती. तिला तेच सहन झालं नाही.

हौसेरावांची नोकरी गेली. पोलिसांत देणार नाही, या उपकारावर त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला.

सुनीतीनेही कंपनी सोडली. वकील गाठला, कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज दिला, आणि प्रत्येक वेळी काय झालं ते सांगायला शिरवण्याला जात राहिली. हौसेराव आता वाशीच्या बाजारात हमाली करत होते. दमून आलेले असायचे, तरी तिचं बोलणं हात जोडून बसल्यासारखे ऐकायचे. तिला कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

पाचव्या खेपेला ते घरी नव्हते. त्यांची बायको राहीबाई दारातच उभी राहिली. सुनीतीने आयुक्तांच्या ऑफिसातली नवी तारीख सांगितली. राहीबाईंनी ऐकून घेतलं.

"बाई, रागावू नगा," त्या म्हणाल्या. "त्येस्नी लोक चोर म्हनत्यात, त्येची आता सवं झालीया. पर तुमी येऊन गेला की चार दिस ते जेवत न्हाईत. त्येस्नी वाटतं, आता कायतरी हुनार."

सुनीतीने हातातला तारखेचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

"हुनार हाय का?" राहीबाईंनी विचारलं.

या तारखेलाही काही निघणार नाही, हे वकिलाने तिला आधीच सांगितलं होतं. तिने मान हलवली, नाही म्हणून.

"मग येऊ नगा," राहीबाई म्हणाल्या, आणि हळूच, पाहुणीला वाईट वाटू नये अशा बेताने, दार लोटून घेतलं.