पलीकडे पोचलेली खुशाली

…शिक्क्यातली अक्षरं उलटी होती, आणि विरूपाक्षला ती क्षणभर कानडीच वाटली. मग रबरातला ‘लातूर’ हळूहळू डोळ्यांत सुलटा झाला. शिक्का इतका नवा की त्याला शाईपेक्षा रबराचाच वास अधिक. ब्याऐंशीच्या ऑगस्टात जिल्हा झाला, आणि तेव्हापासून जुन्या कागदांवरचं ‘उस्मानाबाद’ खोडून वर ‘लातूर’ लिहिण्यातच कचेरीचा निम्मा दिवस जात होता. पोलीस कचेरीतलं हे कोपऱ्यातलं टेबल त्याच्याकडे आलं ते तो माजी सैनिक म्हणून. बाहेरदेशाहून येणाऱ्यांची नोंद. रजिस्टर जवळजवळ कोरंच होतं. कोरं होतं हे त्याला बरं वाटायचं — का बरं वाटतं, हे मात्र त्याने स्वतःला कधी नीट विचारलेलं नव्हतं.

“सलाम साहेब. उदगीरहून आलो.”

त्याने मान वर केली नाही. समोर कुणी बसल्याचा आवाज झाला. कथलाचा आणि नवसागराचा तो जुना वास आला — कल्हईचा.

“भाऊ येऊन राहिलाय कराचीहून. पयले उस्मानाबादला जावं लागायचं म्हणं. आता हितंच का?”

“इथंच. भावाचं नाव?”

“शेख दस्तगीर. मिलिट्रीच्या दवाखान्यात कंपौंडर होता. आता नोकरी सुटली त्याची.”

विरूपाक्षने ‘शेख’ लिहिलं आणि टाक तिथेच थांबला. शाईचा ठिपका मोठा होत गेला. हे आज ना उद्या होणार होतं — उदगीरचा एक माणूस पलीकडे, त्याचा भाऊ इकडे, आणि नोंदीचं टेबल आपल्याकडे — हे त्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणता येईल? बदलीचा हुकूम आला तेव्हा तो खूश झाला होता, कारण उदगीर सुटणार होतं. किल्ल्याच्या वाटेवरची ती कल्हईची गल्ली सुटणार होती, जी टाळण्यासाठी त्याने दहा वर्षं बाजारात लांबच्या रस्त्याने जाणं पत्करलं होतं. आणि गल्लीच आज एस.टी.त बसून त्याच्यासमोर आली होती.

…“कौन रे? नीरू कौन बोल्या?”

तापात विरूपाक्ष पाणी मागत होता. घरी मागायचा तसं, आईच्या कानडीत — अव्वा, नीरू. एकाहत्तरच्या डिसेंबरात कालव्याच्या काठी डाव्या नडगीत गोळीने हाड फोडलं होतं, शुद्ध आली ती पलीकडच्या लष्करी इस्पितळात, आणि त्या सबंध वॉर्डात ‘नीरू’ म्हणजे पाणी हे कळणारा एकच माणूस होता. पट्ट्यांचा ट्रे हातात धरून तो खाटेपाशी थबकला. चाळिशीचा, लुकडा, कानावरचे केस पिकलेले.

“कां के हो?”

बोलायचं नाही असं ठरवलेलं होतं. नाव आणि नंबर, पुढे काही नाही. पण तो सूर, ‘कुठले’ विचारणारं ते ‘कां के’ — शाळेच्या वाटेवर रोज कानांवर पडलेलं — आणि तोंडातून निघूनच गेलं, उदगीर.

ट्रे खाली ठेवल्याचा आवाज.

“हौ,” तो माणूस म्हणाला. “मैं भी.”

अठ्ठेचाळीसला दस्तगीर हैदराबादेत कंपौंडरी शिकत होता, आणि तिथूनच पलीकडे गेला. निजामाचं राज्य संपलं त्या दिवसांत त्याच्या घरच्यांचं काय झालं, हे त्याने सांगितलं नाही. विरूपाक्षच्या घरीही रझाकारांच्या वर्षाची एक गोष्ट होती, थोरल्या काकांची. तीही त्याने सांगितली नाही. दोघांनाही एकमेकांची न सांगितलेली गोष्ट ठाऊक होती, आणि मधे तो पाय होता, सुजलेला, काळा पडत चाललेला — त्याचं आधी बघायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, कापू. दस्तगीरने दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत तो घरी गेला नसावा. विरूपाक्ष जेव्हा जेव्हा डोळे उघडी तेव्हा तो खाली बसून जखम धूत असे, आणि धुताना हळूच विचारीत असे, बाजारच्या दिवशी अजून चौबाऱ्यात गर्दी होती का…

आणि जेवण. जेवणाचंच तर—

“साहेब?” समोरचा म्हातारा म्हणाला. “काही चुकलं का माजं?”

“नाही. बसा. तुमचं नाव?” हे विचारताना आपला आवाज इतरांसारखाच निघाला याचं त्याला नवल वाटलं. नाव त्याला पाठ होतं. निघायच्या दिवशी दस्तगीरने तीनदा म्हणवून घेतलं होतं: किल्ले की वाट, कल्हई का दुकान, भाई खाजामियाँ. “उसको बोलो, दस्तगीर अच्छा है. बस इत्ताच बोलो.”

इतकंच. तीन शब्द.

जुलैत सिमल्याला तह झाला तो दस्तगीरनेच सांगितला होता, दारातूनच, पट्ट्या हातात तशाच. “सुलह हो गई रे. रेडियो पे बोले. अब तुम जाते घर.” वॉर्डातले सगळे उठून बसले. दस्तगीर हसत होता, आणि हसता हसता त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तह दोन देशांचा झाला, कैदी घरी जाणार. पण ज्याला उदगीरला जायचं होतं त्याच्यासाठी त्या कागदात काही नव्हतं, हे विरूपाक्षला त्या दिवशी कळलं नाही. कळलं ते डिसेंबरात, सरहद्दीचं फाटक पायी ओलांडताना. आपल्या पायी! दोन्ही पायांनी!

मग आपल्याच लोकांनी महिनाभर एका खोलीत बसवून विचारलं. कोणाशी बोललास? काय बोललास? का बोललास? त्या खोलीतच ते तीन शब्द गिळले गेले. आणि त्यानंतर तो सत्कार.

त्र्याहत्तरचा उन्हाळा तोंडावर. उदगीरजवळच्या त्याच्या गावी विहिरींचे तळ दिसत होते. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर, मातीच्या भरावावरच मंडप घातला होता, कारण गावात माणूसच नव्हतं; अख्खं गाव टोपल्या घेऊन तिथे होतं. कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीच्या पुड्या पदरात बांधलेल्या बाया, आणि त्यांच्यात त्याची बायको उमा. तिच्या हातांत बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. तो बेपत्ता असतानाचे महिने आणि नंतरचे, तिने खडी फोडून काढले होते. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर. आणि तो मात्र… शत्रूच्या घरची रोटी-डाळ खाऊन गाल भरून आला होता! लाजेने त्याला तिच्याकडे बघवेना. हणमंतराव, गावचे पुढारी, भोंग्यातून म्हणाले, “सांगा विरूपाक्षराव, उपाशी ठिवलं असंल की त्या लोकांनी?”

सगळ्या टोपल्या थांबल्या. आणि तो म्हणाला, “तीन दिवस पोटात अन्न नव्हतं.”

घोषणा झाल्या. बाया रडल्या. उमा रडली.

शब्द खोटा नव्हता. तीन दिवस त्याने खरोखरच खाल्लं नव्हतं — कारण त्याचं गळ्यातलं इष्टलिंग काढून घेतलेलं होतं, जखमी माणसाच्या सामानाबरोबर एका पिशवीत बांधून कोठारात गेलेलं. पूजेशिवाय घास नाही, हे त्याला कोणाला सांगता येईना, सांगावंसंही वाटेना. डॉक्टर चिडले, हट्ट करतो म्हणाले. तिसऱ्या दिवशी दस्तगीरने त्याच्या छातीकडे पाहिलं, दोऱ्याचा वळ पाहिला, आणि कपाळावर हात मारून घेतला. “लिंगायत का बच्चा, और मैं पूछताच नहीं!” तासाभराने तो परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही तळव्यांवर पांढरी स्वच्छ पट्टी पसरलेली होती आणि पट्टीवर लिंगाची ती चांदीची डबी. “मैं हात नहीं लगाया,” तो म्हणाला. “देख लो.” आणि पूजा होईपर्यंत, बाजूच्या खाटेवरच्यांनी बघू नये म्हणून, पाठ करून उभा राहिला.

तो माणूस मी एका वाक्यात पुसून टाकला. भोंग्यावर. अख्ख्या गावासमोर.

“खाजामियाँ,” विरूपाक्ष म्हणाला. म्हाताऱ्याने अजून नाव सांगितलेलं नव्हतं. “मी तुमच्या भावाला ओळखतो.”

खाजामियाँनी मान हलवली, जशी बस वेळेवर आली की हलवावी. “ठावं हाय मला.”

“कसं?”

“चौऱ्याहत्तरला टपाल सुरू झालं न्हाई का. पयल्याच खतात लिवलं त्यानं. उदगीरचा एक पोरगा माझ्याकडं होता, विरूपाक्ष नावाचा, पोचला का बघ. पाय कसा हाय ते कळव.” ते थांबले. “मी बघितलं. तुम्ही तवा डाव्या पायावर जरा जपून चालायचे. तसं लिवलं. पुढल्या साली लिवलं, आता सरळ चालतो. मग लिवलं, सायकल चालवतो. दर खतात ईचारतो त्यो. मी बाजारात बघतो, अन् लिवतो.”

विरूपाक्षने टाक दौतीजवळ आडवा ठेवला. दहा वर्षं तो ज्या गल्लीला टाळत होता, त्या गल्लीतून कुणीतरी त्याचं चालणं पाहत होतं, आणि त्याच्या पायाची खुशाली सरहद्दीपलीकडे जात होती — वर्षावर्षाला, निळ्या पाकिटातून…

“मग माझ्याकडे का नाही आलात?”

“तुम्ही मिलिट्रीचे. मी गेलो असतो अन् कुनी बघितलं असतं, तर तुमाला तरास झाला असता.”

“मी तुमचा निरोप… दस्तगीरभाईंनी निरोप दिला होता. मी दिला नाही. आणि त्या सत्काराला मी—”

“मीबी हुतो त्या कामावर. टोपली घेऊन.” खाजामियाँ टेबलावरच्या शिक्क्याकडे पाहत म्हणाले. “तवा लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझा भाऊ तिकडं, अन् तिकडचे लोक असे, म्हनून. मग त्याच्या खतात ते वाचलं, तुमच्या देवाचं. तीन रोज जेवला न्हाई ते. म्हनलं, पोरगं खोटं न्हाई बोललं. तेवढंच बोलता आलं त्याला.”

“त्यांना सत्काराचं कळवलंत?”

“हे? न्हाई. खुशाली लिवायची असती खतात.”

बाहेर कुणीतरी सायकल लावली. खाजामियाँनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. गावातल्या दोन माणसांच्या ओळखीच्या सह्या आणा, असं त्यांना तोंडी सांगितलेलं होतं. एक सही होती, आडत दुकानाच्या गुरुबसप्पांची. दुसरी जागा रिकामी. न्हाई कुनी म्हनत न्हाई, ते म्हणाले, उद्या या म्हनत्यात.

विरूपाक्षने कागद ओढून घेतला. नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात होतं, ‘ओळख कशी व केव्हापासून’. टाक या वेळी थांबला नाही. ‘सन १९७२. मी त्यांच्या देशात युद्धकैदी असताना त्यांनी माझा पाय व माझा धर्म राखला.’ मग सही.

हेडक्लार्क आप्पासाहेब कागदावर वाकले. दोनदा वाचलं. “विरूपाक्ष, अरे सरकारी कागद आहे हा.”

“म्हणूनच लिहिलं, आप्पासाहेब.”

“वर विचारतील.”

“सांगेन.” तीच खोली, तेच प्रश्न पुन्हा येतील कदाचित. कोणाशी बोललास, काय बोललास. त्याला जाणवलं, आपण त्या प्रश्नांची उत्तरं मनात जुळवतही नाही आहोत.

आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि कागद आपल्या फायलीत ठेवला. वर की खाली, ते दिसलं नाही.

संध्याकाळी उमा ताट वाढत होती. त्याचं ताट आधी, भरून, तूप जास्त. सत्कारापासून दहा वर्षं हीच रीत होती, आणि दहा वर्षं प्रत्येक घासाला त्याला ते तीन दिवस आठवत. आज त्याने ताटाला हात लावला नाही. सगळं सांगितलं. नीरू, पट्टीवरची डबी, भोंगा, निळी पाकिटं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. चुलीकडे बघत होता.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “तुम्ही आलात तवा तुमचे गाल भरलेले होते. मी रोज म्हणायचे, कुणीतरी हाय तिथं. कुणाच्या तरी हातचं पोटात जाऊन राहिलंय.”

“मग हे ताट? मला वाटायचं, त्या तीन दिवसांसाठी—”

“त्याच्यासाठी न्हाई.”

“मग कशासाठी?”

तिने भाकरी उलटली. त्याला पुन्हा विचारावंसं वाटलं, आणि मग वाटलं, न विचारताही हे आपल्याला मिळत आलेलं आहे. किती ठिकाणांहून, किती माणसांकडून, आपण तोंड फिरवून उभे असताना. आभार हा शब्द त्यांच्या घरात कधी कुणी उच्चारला नव्हता. तो आताही जिभेवर येईना.

“तू पण घे ताट. बरोबर बस.”

“बसते.”

दस्तगीर येईल. म्हातारा झाला असेल. स्टँडवर उतरला की तो आधी तोंडाकडे बघणार नाही, खाली बघेल, पायाकडे… आणि मी काय म्हणणार? खाजामियाँना दहा वर्षं न दिलेल्या निरोपाचं सांगणार? की काहीच नाही? काहीच सुचत नव्हतं, आणि न सुचण्याची भीतीही कुठे दिसत नव्हती. विरूपाक्षच्या ध्यानात आलं, आपण डावा पाय केव्हाचा सरळ पसरून बसलो आहोत, धोतर गुडघ्यापर्यंत सरकलेलं, नडगीवरचा तो लांब व्रण उजेडात उघडा… आणि तो झाकून घ्यावा असं काही वाटत नाही.