निळी काचपट्टी

मी एक काचपट्टी आहे. बोटभर लांब, आणि माझ्या मधोमध एक निळा ठिपका. सध्या मी सोनारीच्या एका शेतात, बांधाखाली मातीत पडून आहे. काचेचं मातीत काय काम, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायचं आहे.

माझे चांगले दिवस गेले ते भूम गावाला, सरकारी दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. तिथं डॉक्टर सरोजिनीबाई आणि त्यांचे यजमान दत्तोपंत राहत. घरात सूक्ष्मदर्शक एक आणि टेबलही एकच. ‘तुमची मुळं उचला आधी,’ असं बाईंनी म्हटल्याशिवाय त्या घरात दिवस उजाडत नसे.

दत्तोपंत शेतकी शाळेत शिकवत. ज्वारीच्या मुळात एक बुरशी राहते, तिच्या ते हात धुऊन मागे लागले होते. बुरशी म्हटलं की माणसं नाक मुरडतात. पण ही मुळाला खात नाही. मूळ जिथं पोचत नाही तिथून ती त्याला सत्त्व आणून देते आणि मूळ तिला आपल्यातली साखर देतं. दत्तोपंतांनी वस्तऱ्यानं मुळाचा पातळ काप काढला, निळ्या रंगात बुडवला आणि माझ्यावर बसवला. सूक्ष्मदर्शकात त्यांना पेशीपेशीत इवलीशी निळी झाडं उभी दिसली, तेव्हा त्यांचा चहा तसाच निवून गेला. सगळ्या हंगामात अशी मी एकटीच साधले होते. माझा केवढा तोरा होता, खोटं कशाला बोलू!

त्याच सुमारास सोनारीची द्वारकाबाई बाळंतपणासाठी आली. पहिलटकरीण. बैलगाडीतून भूमला पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. मुलगा निळा पडूनच जन्मला. तो रडला नाही, त्याला झटके येत राहिले आणि बारशाआधीच तो गेला. तिच्या नवऱ्याला, बलभीमला, विचारून सरोजिनीबाईंनी मुलाच्या मेंदूचा छोटा तुकडा ठेवून घेतला. अशी किती मुलं त्यांच्या हातांत गेली होती. श्वास कोंडल्यावर मेंदूत नेमकं काय होतं ते कळलं, तर पुढची काही वाचतील असं त्यांना वाटे. शहरातल्या कॉलेजातून त्या तुकड्याच्या काचपट्ट्या होऊन आल्या. त्यांचे ठिपके गुलाबी होते.

बलभीमनं हे बायकोला सांगितलंच नव्हतं. तिला कळलं, तशी ती एकटीच मोटारीत बसून भूमला आली. अंगात त्राण नव्हतं. टेबलाला धरून उभी राहिली.

“बाई, माझं लेकरू अर्धंच पुरलंय. ऱ्हायलेलं द्या मला. त्याच्यापाशी ठिवते.”

बाईंनी एक गुलाबी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. “बघतेस का, द्वारका?”

“न्हाय बघवायचं मला. येवढंच सांगा. आत्याबाई म्हन्त्यात, गिऱ्हान लागलं तवा म्या दोडका चिरला म्हून लेकरू गेलं. खरं व्हय?”

“नाही गं. नाळ गळ्याभोवती आवळली होती. श्वास कोंडला, म्हणून ते निळं पडलं. तुझ्या हातून काही झालं नाही.”

तेवढ्यात नर्सची हाक आली. बाईंनी ती काचपट्टी काढून माझ्या शेजारी ठेवली. “ही घेऊन जा, माझ्याकडे याच्या आणखी आहेत,” असं म्हणत त्या धावल्या.

टेबलावर आम्ही दोघी राहिलो. द्वारकाबाईनं एकदा त्या गुलाबी काचपट्टीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. आणि मला उचलून छातीशी धरलं.

“ह्योच. जन्मला तवा असाच निळा व्हता माझा बाळ.”

दत्तोपंत दारात उभे होते. ते टेबलाशी आले, त्यांनी मला ओळखलं. खिशातला रुमाल काढून त्यांनी मला स्वतः त्यात गुंडाळलं.

“जपून न्या. काच आहे,” एवढंच म्हणाले.

सोनारीत, बाळाला पुरलं होतं त्या बांधावर बलभीमनं माती उकरली. सासू, कस्तुराबाई, लांब उभी होती. द्वारकाबाईनं मला तिच्यापुढं धरलं.

“बघा, आत्याबाई. श्वास कोंडून निळा झालता. चिरल्याचा वण हाय का कुठं?”

म्हातारीनं मला डोळ्यांजवळ नेलं. मग हुंदका आवरत म्हणाली, “न्हाय गं बाय. कुठंच न्हाय.” आणि तिनंच सुनेला पोटाशी धरलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या अंगावर जे होतं, ते वस्तऱ्यानं चिरलेलंच होतं.

आता बांधालगतच्या ज्वारीची मुळं माझ्यापर्यंत येतात. त्यांच्यात बुरशी जिवंत आहे, माझ्यातली रंगात मेली. द्वारकाबाई येते, माती थोपटते आणि विचारते, “बाळा, ऊन लागतंय का?” हे विचारणं ज्याच्यासाठी आहे, त्याचा तुकडा भूमला, काचपट्ट्यांच्या पेटीत आहे. त्याला कुणी बाळ म्हणतं का, मला ठाऊक नाही.

कधी नांगराच्या फाळाला मी लागले, तर मला पुसून उजेडात धरू नका. धरलंत आणि मूळ ओळखू आलं, तरी द्वारकाबाईपाशी बोलू नका. तिच्या चिरण्यानं लेकरू गेलं नव्हतं, हे खरं आहे. त्या खऱ्याची साक्ष तेवढी खोटी आहे, आणि ती मी आहे. मला पुन्हा त्याच्या उशाशी ठेवा आणि माती लोटा.