ओळीतलं पहिलं घर

ठाण्याच्या खोपट वस्तीलगत, जिथे परवापरवापर्यंत भातखाचरं होती, तिथे मुंबईच्या एका बड्या कंपनीने चोवीस घरांची ओळ बांधायला घेतली, तेव्हा गावात दुसरं बोलणंच उरलं नाही. मंगलोरी कौलं, सागवानी दारं, प्रत्येक घराला स्वतःची ओसरी आणि मागे परसू. मुंबईच्या कचेरीत नोकरी करावी आणि संध्याकाळी ठाण्याच्या मोकळ्या हवेत परत यावं, असं कंपनीने पत्रक छापून वाटलं होतं. तयार घर बाजारातल्या भांड्यासारखं निवडून घ्यायचं, ही गोष्टच लोकांना नवी होती. रविवारी माणसं बायकापोरांना घेऊन नुसती बघायला जात.

सखुबाई नुसत्या बघायला गेल्या नव्हत्या. त्या कल्याणला सासरी राहत. यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. ते गेल्याला बारा वर्षं झाली होती. त्यांनी मागे ठेवलेला पैसा सखुबाईंनी पोस्टात तसाच राखला होता. दिराच्या घरात त्यांच्या वाट्याला गोठ्याकडची खोली आली होती. घरातलं कुणी शुभकार्याला किंवा गावाला निघालं की जाऊबाई आधी येऊन त्या खोलीचं दार लोटून घेत. लाल अलवणातली सोवळी बाई आडवी यायला नको, म्हणून. पहिली काही वर्षं सखुबाईंना त्याचं रडू यायचं. मग येईनासं झालं.

धाकटा भाऊ श्रीपाद ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत होता आणि बायको शालूसह तिथेच बिऱ्हाड करून राहत होता. कंपनीच्या घरांची बातमी त्यानेच आणली. ओळीतल्या दुसऱ्या घरासाठी त्याने विसार देऊनही टाकला होता.

"अक्का, तूही चल बघायला," तो म्हणाला. "माझ्या शेजारचं मिळालं तर शालूलाही सोबत होईल."

कंपनीचे कारभारी गोपीनाथराव मोठे गोड माणूस. त्यांनी दोघांना बसायला सतरंजी घातली, मसाल्याचं दूध मागवलं. सखुबाईंनी दुधाला हात लावला नाही. त्यांनी विचारलं, "विहिरीला वैशाखात पाणी राहतं का?"

"रावसाहेब, त्यांना सांगा, बारमाही झरा आहे," गोपीनाथराव श्रीपादकडे बघून म्हणाले.

"आणि पावसाचं पाणी मागे तुंबलं तर? खाचर भरून केलेली जमीन आहे."

"रावसाहेब, सांगा त्यांना, मोठा नाला काढून दिलाय."

"मला ऐकू येतं," सखुबाई म्हणाल्या.

गोपीनाथराव हसले आणि पुन्हा श्रीपादकडे बघून हसले.

पण घर सखुबाईंच्या मनात भरलं. ओळीतलं पहिलं घर, रस्त्याला लागून. ओसरीवर उभं राहिलं की पूर्वेला पारसिकचा डोंगर दिसत होता. स्वयंपाकघरात उजेड होता. त्यांनी चुलीची जागा पाहिली, भिंतीवर तळवा ठेवून ओल पाहिली, कोनाड्यात देव कुठे बसतील ते मनाशी ठरवलं. शेजारीपाजारी कोण येतील, परक्या वस्तीत एकटीने रात्री निभतील का, हेही त्यांनी मनात घोळवलं. भाऊ भिंतीपलीकडे असणार होता. कल्याणला परतल्यावर दिरांनी विचारलं, "तुला एकटीला घर कशाला?" तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "राहायला." असं उत्तर त्यांनी त्या घरात आजवर दिलं नव्हतं.

आठवड्याने श्रीपाद कल्याणला आला. पाणी प्यायला, पोराबाळांची चौकशी केली, उपरण्याची दोनदा घडी केली.

"अक्का, कंपनी तुला घर द्यायला तयार आहे. फक्त पहिलं नाही, शेवटचं देतायत. चोविसावं. निवांत आहे ते. किमतीतही थोडं सोडतायत."

"पहिलं विकलं गेलं?"

"विकलं नाही अजून."

"मग?"

"त्यांच्या धंद्याची काही गणितं असतात."

"श्रीपाद, सरळ सांग."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "अजून बरीच घरं विकायची आहेत त्यांची. मुंबईची माणसं बघायला येतात. रस्त्यावरून आत वळलं की पहिली ओसरी तीच. तिथे... म्हणजे येणाऱ्याच्या नजरेला पहिल्यांदा..."

"पहिल्यांदा काय?"

"तू पडू नयेस, असं त्यांचं म्हणणं."

गोठ्यात गाय हंबरली.

"आणि तू काय म्हणालास त्यांना?"

"मी म्हटलं, विचारून सांगतो."

"विचारून सांगतो!" सखुबाई उठून उभ्या राहिल्या. "आईच्या मागे तुला मी वाढवलं. तुझ्या तोंडावर कुणी म्हणतं, तुझ्या बहिणीचं तोंड दिसायला नको, आणि तू विचारून सांगतोस? ते विचारायला गाडीत बसून इथवर येतोस?"

"अक्का, माझा विसार अडकलाय तिथे. भांडून कसं चालेल? आणि घर घरच ना? पहिलं काय, शेवटचं काय."

"ऊठ," त्या म्हणाल्या. "तुझी गाडी चुकेल."

त्या रात्री त्यांनी शेवटच्या घराचाही विचार केला, हे खरं. चोविसावं घर म्हटलं तरी या खोलीपेक्षा शंभरपटीने बरं होतं. स्वतःची चूल असती, स्वतःचं कुलूप असतं. तोंड मिटून घेतलं असतं तर महिनाभरात तिथे राहायला जाता आलं असतं. पण तिथेही तोंड लपवूनच राहायचं होतं. दिराच्या घरी हे फुकट मिळत होतं. तेच आता आयुष्यभराची पुंजी मोजून विकत घ्यायचं?

रविवारी सकाळी त्या एकट्या ठाण्याला उतरल्या, चालत खोपटावर गेल्या आणि पहिल्या घराच्या ओसरीवर मांडी घालून बसल्या.

गोपीनाथराव आतून धावत आले. "बाई, तुम्ही? रावसाहेब नाही आले?"

"पैसे माझे आहेत. मी आले."

"या ना, आत बसा. मागच्या बाजूला छान सावली आहे."

"मी इथेच बरी आहे. हे घर मला का देत नाही, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"रावसाहेबांना सगळं समजावून..."

"मला समजवा."

तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला. गिरगावातून आलेलं एक जोडपं आणि त्यांच्यासोबत म्हातारी सासू. सून उत्साहाने पुढे येत होती. सासूने ओसरीकडे पाहिलं, पावलं थांबवली आणि सुनेचं मनगट धरलं. मुलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. तो गृहस्थ गोपीनाथरावांना लांबूनच म्हणाला, "आज नको. पुन्हा केव्हातरी येऊ." टांगा आला तसा वळला. सून मात्र मान वळवून घराकडे बघत राहिली.

"बघितलंत?" गोपीनाथरावांचा गोडवा पार उतरला होता. "आता तरी पटलं? मी काही वाईट माणूस नाही, बाई. मी मानत नाही असलं काही. पण गिऱ्हाईक मानतं, त्याला मी काय करू?"

सखुबाईंचे कान तापले होते. क्षणभर त्यांना वाटलं, उठून सरळ स्टेशनाची वाट धरावी. त्या उठल्या नाहीत.

गोपीनाथराव खाली बसले आणि आवाज मऊ करून म्हणाले, "असं करू. हे घर मी तुमच्या नावाने राखून ठेवतो. बाकीची तेवीस विकली गेली की तुम्ही खुशाल इथे राहायला या. मग ओसरीवर दिवसभर बसा, कुणी हरकत घेणार नाही."

"म्हणजे तुमची घरं खपेपर्यंत मी अशुभ," सखुबाई म्हणाल्या, "आणि खपली की मी शुभ?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. त्या म्हातारीला निदान खरोखर भीती वाटली. तिच्यावर मी रागवू शकत नाही. तुम्हाला भीतीही वाटत नाही. तुम्ही माझं तोंड झाकून त्याचा भाव मिळवता, आणि वर मला सांगता, मी मानत नाही!" त्यांचा आवाज चढला तसे पुढच्या घरांवर काम करणारे गवंडी थापी हातात धरून थांबले. "पैशाला माझ्या अलवणाचा रंग लागत नाही का हो? पैसा बरा चालतो तुम्हाला! माझ्या नावाने काही राखून ठेवू नका. पहिलं नको आणि चोविसावंही नको."

तिथून त्या थेट श्रीपादच्या बिऱ्हाडी गेल्या. तो घरात होता. पण बाहेर आला नाही. शालूने पाण्याचा तांब्या पुढे केला. ओटीवर कळव्याची बायजा तांदूळ मापून देत होती. बायजा आगरीण, खाडीपलीकडे तिच्या घरची शेतं आणि उंचवट्यावर थोडी पडीक जागा होती. सखुबाईंना ती माहेरच्या दिवसांपासून ओळखत होती. शालूला सांगता सांगता सखुबाईंनी सगळं सांगितलं, आणि शेवटी त्यांना रडू फुटलं.

बायजाने माप खाली ठेवलं. "बाय, तुला घर बांधाचाय ना? मंग माज्या वरच्या जाग्यान बांध. कागूद करून देतू. माना तुजा तोंड रोज सकाली दिसला तरी माजा काय वाईट व्हताय?"

"तिथे वस्ती कुठे आहे, बायजा?"

"मी हाय ना."

सखुबाईंनी पुन्हा आठवडाभर विचार केला. कळव्याला ना शेजारी ब्राह्मण, ना भिंतीपलीकडे भाऊ. विहीर लांब. पावसाळ्यात चिखल. नव्या घरांतलं एकही सुख तिथे नव्हतं. तरी त्यांनी जागा घेतली. दोन खोल्या उभ्या राहायला वर्ष लागलं. गवंडी दोनदा पळाला, एकदा अर्धी भिंत पावसात बसली. दिरांनी येऊन पाहिलंही नाही.

कंपनीची घरं दिवाळीपर्यंत सगळी खपली. पहिलं एका सावकाराने घेतलं. श्रीपाद दुसऱ्या घरात राहायला गेला आणि गोपीनाथरावांनी त्याला पेढे पाठवले, हे शालूनेच नंतर सांगितलं.

सखुबाई कळव्याला राहायला गेल्या त्या दिवशी श्रीपाद शालूला घेऊन आला. वास्तूच्या पूजेला जोडपं लागतं, म्हणून सोवळं बरोबर घेऊनच आला होता.

"पूजा करणार नाहीये मी," सखुबाई म्हणाल्या. "बायजाने सकाळी नारळ फोडला. तेवढं पुरे."

तो उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिला. "अक्का, मी त्या दिवशी त्यांना तिथेच बोलायला हवं होतं."

"हो."

"राग गेला का तुझा?"

"नाही," सखुबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन पानं मांडू लागल्या. "हातपाय धुऊन या दोघं. भात निवतोय."