दुप्पट पॉइंट

“पितांबरभाऊ, मीठ कोठे शे?” मिश्रीलालशेठनं पितांबरच्या वहीतून मान वर न काढता विचारलं.

“मिठनं काय लई बसनात शेठ?” पितांबर हसला. “मी तुमले पॉइंट दखाडी ऱ्हायनू.”

शहाद्याच्या शाळेत तीस वर्षं कारकुनी केलेला पितांबर म्हणजे फुकट मिळालेली सुईसुद्धा उजेडात धरून बघणारा माणूस. लोक दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात. हा तोंड पोळायच्या आधीपासूनच फुंकत आलेला. बँकेतल्या किंजल नावाच्या मुलीनं त्याला क्रेडिट कार्ड घ्या म्हटलं, तेव्हा त्यानं तिच्याकडून माहितीपत्रक दोनदा वाचून घेतलं. शंभर रुपये खर्चाला एक पॉइंट, किराणा आणि औषधांवर दुप्पट. चार पॉइंटांचा एक रुपया. वर्षात पन्नास हजार खर्च झाला तर फी माफ. कळसाडीला घरी येऊन त्यानं आकडेमोड केली. एकट्याच्या खर्चानं पन्नास हजार काही गाठले जात नव्हते. म्हणून सुरतेला कापड बाजारात बिलं करणाऱ्या मुलाच्या, भूपेशच्या नावानंही एक जोडकार्ड काढलं आणि त्याला बजावलं, “चहा पिना तरी कार्डवरच पे.” सहा महिने वापरून बघायचं, नाही परवडलं तर कात्रीनं कापून टाकायचं, असा बेत.

भूपेश ते कार्ड फोनला जोडून दुकानात फोन धरूनच पैसे द्यायचा आणि त्याचा मेसेज इकडे बापाच्या फोनवर यायचा. चहा वीस. वडापाव तीस. खानावळ नव्वद. पितांबर रोज संध्याकाळी ते सगळं वहीत उतरवून काढी. खरं सांगायचं तर पॉइंटांपेक्षा त्याला याचंच वेड लागलं होतं. बापलेकांचं बोलणं मुळात बेताचं. पण आता पोरगा किती वाजता जेवला ते बापाला घरबसल्या कळत होतं. बायकोला, भिकुबाईला तो ओट्यावरून हाक मारून सांगायचा, “जेवना वं तुन्हा पोऱ्या.” मग ती आपलं ताट वाढून घ्यायची.

तिसऱ्या महिन्यात रमणिकलाल नावाच्या कुणाला पैसे जायला लागले, आणि त्या पैशांवर पॉइंट दुप्पट. पितांबरनं ओळखलं, किराणा दुकान. शहाद्या-तळोद्याकडे असल्या नावाचा माणूस किराण्याशिवाय दुसरं काय विकणार? म्हणजे पोरगा खोलीवर रांधायला लागला, शहाणा झाला! त्यानं मुद्दाम फोन केला होता.

“त्या रमणिकलालकडेच जात जाय रे. दुप्पट भेटतस.”

पलीकडून “आबा, ते...” एवढं आलं. मग भूपेश म्हणाला, “हा, आबा.”

“शाब्बास!” पितांबर म्हणाला होता. पुढे खानावळीचे मेसेज थांबले, तेही पोरगा रांधतो म्हणूनच, असं त्यानं धरलं.

आज सहा महिने भरले, म्हणून तो ही वही घेऊन शेठच्या दुकानात मिरवायला आला होता. तर शेठ मिठाचं विचारत बसले.

मिश्रीलालशेठनं चाळीस वर्षं गावाच्या याद्या बांधल्या होत्या. कुणाच्या घरी बाळंतपण आलंय, कुणाकडे सुतक पडलंय, हे त्यांना शेजाऱ्यांच्या आधी यादीवरून कळायचं. त्यांनी वही फिरवून पितांबरपुढे धरली.

“देखा. चारशे बारा. पाच दिवसमा परत चारशे बारा. परत चारशे बारा. किराणा कधी एकसारखा व्हस का, भाऊ? मानूस एक दिन तेल लेस, एक दिन साखर लेस, मीठ भुलस आनि परत येस. हाई किराणा नही.”

“मंग काय शे?”

“माले काय माहीत?” शेठ म्हणाले, पण त्यांनी नजर चुकवली. बोट पानावरून खाली नेत ते हळूच म्हणाले, “आनि खानावळ कोठे शे? वीस दिन व्हयनात. तुमना पोऱ्यानी चहा बी पियेल नही.”

माहितीपत्रक पितांबरला तोंडपाठ होतं. किराणा आणि औषधं. किराणा नाही, तर उरलं काय, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो भ्याला, अंधारात हात सुटलेलं लेकरू भितं तसा भ्याला. तेवढ्यात हातातला फोन थरथरला. रमणिकलाल, नऊशे चाळीस रुपये.

रस्त्यावर येऊन त्यानं भूपेशला फोन लावला.

“कसा शेस रे?”

“मजामा, आबा. कसाले?”

“काही नही. असाच.”

पुढचं विचारायची त्याची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भिकुबाईला शाळेचं काम सांगून तो नंदुरबारला गेला आणि सुरतेच्या गाडीत बसला. वाटेत फोनवर दोनदा मेसेज वाजला, दोन्ही वेळा त्यानं तो खिशातून काढला नाही.

भूपेशनं दार उघडलं. डोळ्यांखाली फुगलेलं, रंग उतरलेला. पावलं सुजून टम्म झालेली. पितांबरनं त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. खोलीत शेगडी नव्हती की पातेलं नव्हतं. खिडकीत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांचा ढीग तेवढा होता.

“आबा? तुम्ही कसाले उनात?”

पितांबर चप्पल न काढताच आत शिरला. तो खाटेवर बसला. भूपेश भिंतीला टेकून उभा राहिला आणि शाळेत चूक कबूल करावी तसा सांगायला लागला.

“दोन्ही किडन्या. डॉक्टर म्हने, पुढला महिनामा मशीनवर लेनं पडी. अन्न पोटमा ठरत नही.”

“आनि तू माले एक सबद बोलना नही?”

“सांगनार व्हतू आबा. त्या दिनलेच सांगनार व्हतू. तुम्ही शाब्बास म्हनात.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. “तुम्ही इतला खूश व्हतात. मंग माले तोंडच उघडता उनं नही.”

पितांबरनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकून घेतलं. उभ्या जन्मात पोराला शाब्बास म्हटल्याचं त्याला दुसरं काही आठवेना.

दुपारी डॉक्टरांनी नवं इंजेक्शन लिहून दिलं. रमणिकलालचं दुकान गल्लीच्या तोंडालाच होतं. तीन पायऱ्या चढताना भूपेश दोनदा थांबला. म्हाताऱ्या दुकानदारानं त्याला ओळखीचं हसून पुडी पुढे केली, आणि पितांबरनं खिशाकडे हात नेताच भूपेशनं सवयीनं आपला फोन काढला.

“ऱ्हाऊ द्या आबा. अठे दुप्पट...”

पितांबरनं त्याचा हात धरून फोनसकट खाली केला. मग आतल्या खिशातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. रमणिकलालनं त्या मोजल्या, आपल्या तेवढ्या घेतल्या आणि उरलेल्या परत सरकवल्या. पण घ्यायला समोर कुणी नव्हतं. पितांबर खाली वाकला होता आणि भूपेशच्या सुजलेल्या पावलातून निसटलेली चप्पल पुन्हा पायात बसवू बघत होता.