वरचं माणूस, खालचं माणूस

"हं," वरून आवाज आला आणि मिस्त्रीणबाईंनी कौल फेकलं.

कौल सरळ वर गेलं. वर फेकलेली वस्तू खाली यायच्या आधी क्षणभर थांबते. कौल झेलायचं ते त्याच क्षणी. मग ते हातात फुलासारखं येतं. मिस्त्री वळचणीपाशी एक पाय शिडीवर आणि एक छपराच्या आडव्या लाकडी रिपेवर ठेवून उभे होते. त्यांचा हात पुढे आला आणि कौलाच्या अलीकडेच मिटला. कौल बोटांना चाटून खाली आलं आणि मिस्त्रीणबाईंच्या पायाशी फुटलं.

"हात हलका झालाय तुझा," मिस्त्री म्हणाले.

"हो. खांदा भरून आलाय सकाळपासून."

खांदा अजिबात भरून आला नव्हता. पण मागच्या कामावर पहिलं कौल पडलं तेव्हा मिस्त्री हेच म्हणाले होते, आणि काही विचार न करता त्यांनी 'हो' म्हटलं होतं. तेव्हापासून तो खांदा घरातलं एक जास्तीचं माणूस होऊन बसला होता. लेकीने त्याच्यासाठी उग्र वासाचं तेल आणलं. मिस्त्री पाण्याची बादली आता स्वतः उचलत. मिस्त्रीणबाई धडधाकट खांद्याला मिस्त्रींकडून तेल चोळून घेत आणि त्यांच्या डाव्या डोळ्याकडे चोरून पाहत. डोळा दिसायला चांगला होता. पण मिस्त्री हल्ली चहाचा कप उचलताना आधी बोटांनी टेबल चाचपत.

एक डोळा अधू झाला तर वस्तू दिसते, पण ती किती लांब आहे हे नीट कळत नाही. मिस्त्रीणबाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. पडलेली सगळी कौलं मिस्त्रींच्या डाव्या अंगालाच पडत होती, एवढं मात्र त्यांनी पाहिलं होतं. त्यांची फेक तर जिथे जायची तिथेच जात होती.

लग्नानंतर सासऱ्यांनी त्यांना हे काम शिकवलं होतं. एक माणूस वर, एक खाली. खालच्याने वर चढायचं नाही. वरच्याला फक्त पायाखालचं दिसतं. तो कुठे चुकतोय हे पाहायला खाली कुणीतरी हवं. पाहिलं ते सांगायचंही असतं, हे सासऱ्यांनी वेगळं सांगितलं नव्हतं. सांगावं लागेल असं त्यांना वाटलं नसेल.

काम पाळणाघराचं होतं. एक लांब खोली, दोन उतरत्या पाखांचं छप्पर. दोन्ही पाखी शाकारून होत आली होती. आढ्यालगतच्या ओळी, आढ्यावरची कौलं आणि वर जायला मोकळा ठेवलेला शिडीसमोरचा पट्टा एवढंच राहिलं होतं. पश्चिमेला आभाळ भरून येत होतं. मुलांना पलीकडच्या ओसरीत बसवलं होतं आणि त्यांचा गलका इकडे ऐकू येत होता.

पाळणाघराच्या बाई अधूनमधून येऊन आभाळाकडे पाहून जात. "मिस्त्री, उद्या मुलं आत झोपतील ना?"

"उद्या कशाला? संध्याकाळी स्वतः झोपून बघा."

बाई हसल्या. मिस्त्रीणबाईंना हसू आलं नाही. मिस्त्री वळचणीवरची कौलं काखेत घेऊन वर निघाले होते. पूर्वी ते रिपांवरून स्वयंपाकघरात फिरावं तसे फिरत, बोलत, विडी पेटवत. आज त्यांचा पाय पुढे गेला, हवेतच थांबला आणि रीप शोधू लागला. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी शोधतात तसा. रीप सापडली. दुसरा पाय उचलला. मिस्त्रीणबाईंनी दातांत पदर धरला.

रविवारी लेक म्हणाली होती, "बाबा, बस झाली आता छपरं. माझ्याकडे या दोघं."

लेक चौथ्या मजल्यावर राहते आणि तिच्या डोक्यावर आणखी तीन मजले आहेत. मिस्त्री म्हणाले, "तुझ्या घराला छप्पर कुठंय? ती तर वरच्याची जमीन."

"गळत तर नाही ना? आणि तुम्हाला वर चढावं लागत नाही."

"भिंती काय गं, भिंती आडोसा करतात. घर होतं ते छपराने. छप्पर पडलं की लोक त्याला घर म्हणत नाहीत, जागा म्हणतात."

लेकीने आईकडे पाहिलं. "तू तरी सांग यांना." आईने खांदा चोळला.

इथे छपरावर खडखड झालं. मिस्त्रींचा पाय रिपेवरून सरकला. एका हाताने त्यांनी आढं गच्च धरलं, पण काखेतलं एक कौल निसटलं आणि दोन रिपांमधून थेट खोलीत पडलं. आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एका लहान मुलीची किंकाळी.

बाई धावल्या. मिस्त्रीणबाई त्यांच्या मागे. मुलगी गादीवर उभी होती. सगळ्यांचा डोळा चुकवून ती बाहुली आणायला आत आली होती. कौलाचे तुकडे तिच्या उशीशेजारी पडले होते. तिला काही लागलं नव्हतं. तिने वर पाहिलं, मोकळ्या रिपांमधून आभाळ पाहिलं आणि टाळ्या पिटल्या. "कौल पडलं! आजोबा, आणखी एक!"

बाईंनी तिला उचललं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मिस्त्री, काय झालं हो?"

"माझा खांदा..." मिस्त्रीणबाईंच्या तोंडून सवयीने निघालं आणि त्या थांबल्या. त्या तर जमिनीवर होत्या. हे कौल त्यांनी फेकलंच नव्हतं.

"निसटलं," वरून मिस्त्री म्हणाले. "मुलांना धरून ठेवा जरा. अगं, बाहेर ये. चार कौलं दे, उरकून टाकू."

मिस्त्रीणबाई बाहेर आल्या. मिस्त्री बसत बसत वळचणीपर्यंत खाली सरकले होते.

"हं."

त्यांनी कौल उचललं, पण फेकलं नाही.

"हं म्हटलं ना? आभाळ बघ."

"उजवा डोळा झाका," मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "आणि सांगा माझ्या हातात काय आहे."

मिस्त्रींनी डोळा झाकला नाही. वारा सुटला होता आणि ओसरीत मुलं कसलंतरी गाणं म्हणत होती.

"कधी कळलं तुला?"

"पहिलं कौल पडलं तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्या हाताला नाव ठेवलंत. मला वाटलं, असू दे."

"मलाही ठाऊक होतं," मिस्त्री म्हणाले. "त्याच खांद्याने तू ओली गोधडी पिळत होतीस."

"मग तेल का चोळत होता?"

"तू चोळून घेत होतीस म्हणून."

मिस्त्रीणबाईंना हसू आलं. मग त्यांनी हातातलं कौल खाली ठेवलं. "ती पोर हातभर इकडे असती तर?"

मिस्त्री वळले आणि त्यांनी शिडीसाठी पाय खाली सोडला. पाय डावीकडे गेला. तिथे शिडी नव्हती.

"थांबा!" मिस्त्रीणबाई चार पायऱ्या चढून गेल्या आणि त्यांनी मिस्त्रींचा घोटा धरला. "इकडे. टेकवा. आता दुसरा. नाही, अजून खाली. टेकवा." भेगाळलेली, चुन्याने पांढरी झालेली टाच त्या एकेका पायरीवर ठेवत आल्या. जमिनीवर आल्यावर मिस्त्री शिडीला धरून उभे राहिले. सरळ उभे राहिले, पण शिडी सोडली नाही.

"आढं उघडं आहे," ते म्हणाले. "रात्री पाऊस आला तर सगळ्या गाद्या जातील. दुसरा माणूस बोलवायला हवा."

"आता कोण येणार?"

मिस्त्रीणबाईंनी पदर खोचला. मिस्त्री त्यांच्याकडे पाहत राहिले. खालच्याने वर चढायचं नाही, हे वडिलांचं बोलणं त्यांच्या ओठांवर आलं असावं. ते एवढंच म्हणाले, "दोन वाशांच्या मधे पाय देऊ नकोस. खिळा दिसेल तिथे दे. खिळ्याखाली वासा असतो."

त्या चढल्या. रिपा तळव्यांना रुतत होत्या. खालून आवाज येत होता, "उजवीकडे. घाई नको. आता बस." आढ्यापाशी आल्यावर त्यांनी मान वर केली. समोर नुसती छपरंच छपरं होती. चिंचेच्या झाडामागे त्यांचं स्वतःचंही होतं. ज्याच्याखाली संसार झाला ते छप्पर त्या पहिल्यांदाच वरून पाहत होत्या. वाटलं होतं त्यापेक्षा ते बरंच लहान होतं.

मिस्त्रींनी वर ठेवलेली कौलं त्यांनी एकेक करून बसवली. ती पुरली नाहीत. त्या बसत बसत वळचणीपर्यंत खाली आल्या आणि शिडीवर एक पाय रोवला. मिस्त्री खाली कौल घेऊन उभे होते. मान जरा तिरपी, उजवा डोळा वर.

वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उडत होते. ते फेकत नव्हते.

"टाका की," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"तू सांगितल्याशिवाय कसं टाकू?"

मिस्त्रीणबाईंनी दोन्ही हात पुढे केले.

"हं," त्या म्हणाल्या, आणि कौल सरळ वर आलं.