राक्षसाच्या माथी

तलावावरच्या लाँचचं चाक हातात घेऊन तिला एकवीस वर्षं झाली होती. तिला नावानं हाक मारणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. बाकी साऱ्यांसाठी ती कप्तान. पलीकडच्या काठावरच्या कारखान्यातले कामगार, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं, शाळेतल्या शिक्षिका, सगळ्यांना ती दिवसातून दहा वेळा इकडून तिकडे न्यायची. धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत तिची वहिनी बसायची. एका घरात राहून आणि एका धक्क्यावर काम करूनही त्यांची कधी फारशी खडाखडी झाली नव्हती. कारण कप्तान मोजकं बोलायची आणि वहिनी तिच्या वाटचंही बोलून टाकायची.

तलावात काहीतरी आहे ही बोलवा जुनीच. कप्ताननं स्वतः एका सकाळी ते पाहिलं होतं, आणि कुणी विचारलं की ती सांगायचीही. "लांब, काळं, पाठीसारखं काहीतरी वर आलं. दहा मोजेपर्यंत दिसलं, मग खाली गेलं. काय होतं ते मला माहीत नाही." बस, एवढंच. पण राईचा पर्वत करायला लोकांना राईसुद्धा लागत नाही, इथं तर पाठ मिळाली होती! गोष्ट फिरत फिरत टीव्हीवाल्यांपर्यंत गेली, आणि राक्षस हुडकून काढणाऱ्या एका कार्यक्रमाची दोन गाड्या भरून माणसं धक्क्यावर येऊन थडकली.

त्यांची मुख्य होती एक तरुण दिग्दर्शिका. कानाला हेडफोन, हातात कागदांची चळत, आणि सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. पडद्यावरचा नायक म्हणजे शिकारी. टीव्हीवर तो गुहेत उड्या मारायचा, इथं आल्या आल्या त्यानं आधी विचारलं, "कप्तान, मध्यावर खोल किती?"

"नव्वद फूट."

"आणि लाँच जुनी आहे का?"

"तुमच्याएवढी असेल. पण तिची पाठ दुखत नाही."

शिकारी मनापासून हसला. तो कमरेला पट्टा बांधून गाडीतून उतरला होता, ते कप्ताननं पाहिलं होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त पाण्याला भीत होता, आणि भीत नाही असं दाखवणं हाच त्याचा धंदा होता.

पहिल्या दिवशी कप्तानला कळलं की टीव्हीवर दिसणं म्हणजे मुख्यतः चालणं. धक्क्यावरून लाँचपर्यंत ती अकरा वेळा चालली. एकदा मागून, एकदा समोरून, एकदा नुसतेच पाय. मग दुपारी साडेतीनच्या लख्ख उन्हात त्यांनी कॅमेऱ्यावर निळी काच चढवली आणि म्हणाले, "आता रात्र आहे." शिकारी हातात विजेरी घेऊन डोळे बारीक करून पाण्याकडे बघू लागला. मग दिग्दर्शिका कप्तानला म्हणाली, "ताई, तिकडे बघा आणि दचका."

"तिकडे काय आहे?"

"काही नाही. नंतर आम्ही काहीतरी घालू."

"मग तुम्ही काय घालणार ते बघून मी घरी दचकेन."

सगळी मंडळी हसली. दिग्दर्शिकाही हसली आणि तिनं दचकण्याचं काम शिकाऱ्याला दिलं. तो सात प्रकारे दचकला. कप्तानला कौतुक वाटलं. ज्याचं त्याचं कसब असतं. तिला काही हे जमलं नसतं. शिवाय चालायला सांगितलं तर चालायचं, परत बोलायला सांगितलं तर परत बोलायचं, यात तिला कमीपणा वाटत नव्हता. तेही काम, हेही काम.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या मध्यावर तिची मुलाखत होती. तिनं पाहिलं तेवढं सांगितलं. दिग्दर्शिकेनं कागद उलटला आणि शिकाऱ्याला खूण केली. शिकारी आवाज खाली आणून म्हणाला, "तीन वर्षांपूर्वी याच पाण्यात एक होडी उलटली. ती चालवणारे तुमचे सख्खे मोठे भाऊ गेले. कप्तान, तो खरंच अपघात होता का?"

कप्ताननं चाक फिरवलं आणि लाँच धक्क्याच्या दिशेला लावली.

"ताई, थांबा, उजेड जाईल!" दिग्दर्शिका घाईनं पुढं आली. "आम्ही काही म्हणत नाही. फक्त प्रश्न विचारतोय. प्रश्न विचारायला काय जातं?"

"उद्या मी धक्क्यावर उभी राहून विचारलं, 'ही टीव्हीवाली बाई चोर आहे का हो?' मीही काही म्हणत नाही. फक्त विचारते."

दिग्दर्शिका हळूच म्हणाली, "पण तुमच्या वहिनींनीच सांगितलं. काल खिडकीशी. म्हणाल्या, त्या जनावराचंच काम आहे. म्हणून आम्ही लिहिलं."

कप्ताननं लाँच सरळ धक्क्याला लावली, दोर बांधला गेला, आणि ती तडक तिकीट खिडकीच्या मागच्या दारानं आत गेली. वहिनीनं तिचा चेहरा बघितला आणि खिडकीची फळी खाली ओढली.

"वन्सं, मला बोलू नका," वहिनी आधीच म्हणाली. "तुम्ही पाण्यावर असता. मी इथं बसते. रांगेतली माणसं मला ऐकू येईल इतपत हळू बोलतात. सहा माणसांच्या होडीत नऊ भरली. लाइफ जॅकेटं कपाटात कुलूपबंद. चौकशीच्या कागदावर तेच, लोकांच्या तोंडी तेच. तीन वर्षं मी तिकीट फाडते आणि ऐकते. आता हे लोक म्हणतात राक्षस होता. असू दे की राक्षस! त्याच्या माथी मारलं तर त्याचं काय जाणार आहे?"

कप्तान बाकावर बसली. दादाची चूक तिलाही ठाऊक होती; तिच्याइतकी कुणालाच नव्हती. वारा वाढतोय हे तिनं त्याला सांगितलं होतं, आणि तो "शेवटची फेरी आहे, सगळ्यांना घरी जायचंय" म्हणून हसत निघाला होता.

"वहिनी, होडी उलटली तेव्हा मी लाँच घेऊन गेले. मी तिथं काय पाहिलं?"

"मला माहीत आहे."

"मग सांगा."

"उलट्या होडीवर नऊ माणसं," वहिनी म्हणाली.

"नऊ. त्यातल्या सहा जणांना पोहता येत नव्हतं. बर्फासारख्या पाण्यात त्यानं एकेकाला धरून वर चढवलं, आणि शेवटी त्याच्या अंगात त्राण उरलं नाही. राक्षस आला आणि घेऊन गेला म्हटलं, तर त्या नऊ जणांना वर कुणी काढलं? तेही राक्षसानं? त्याची चूक पुसायला जाल, तर त्याचं सगळ्यात मोठं काम त्याच फडक्यानं पुसलं जाईल. मला माझा भाऊ अख्खा हवा. चुकलेलाही आणि नऊ जणांना वाचवणाराही."

वहिनीनं डोळे पुसले आणि टेबलाच्या खणातून कंगवा काढला.

"कुठं निघालात?"

"तुम्हाला बोलता येत नाही नीट. दोन वाक्यांत गुंडाळाल. मी सांगते त्यांना."

आणि वहिनीनं सांगितलं. धक्क्यावर, कॅमेऱ्यासमोर, एका दमात. माझा नवरा चुकला, हेही सांगितलं आणि नऊ जणांचं सांगताना बोटं मुडपून एकेक माणूस मोजला. शिकारी दचकायचं विसरून नुसता ऐकत राहिला. दिग्दर्शिकेनं हेडफोन काढून गळ्यात टाकले. तिनं हातातला तो कागद फाडला आणि राक्षसाशी अपघाताचा संबंध जोडणार नाही, असं दुसऱ्या कागदावर लिहून सही करून दिलं. कप्ताननं ते दोनदा वाचलं, घडी घातली, आणि मगच लाँच परत मध्यावर नेली. उजेड अजून बराच होता.

महिन्याभरानं कार्यक्रम लागला. कप्तानच्या दोन दिवसांच्या मेहनतीतून पन्नास सेकंद निघाले होते, त्यातले पंधरा नुसते पाय. तिच्या "मला माहीत नाही" या वाक्याखाली असा ढोल वाजवला होता की ऐकणाऱ्याला वाटावं, हिला सगळं माहीत आहे! शिकारी मात्र दिसायला वाघ होता. वहिनीचं बोलणं अगदी शेवटी आलं, अर्धं मिनिट. ढोल नाही, काही नाही. नऊ मोजणारी बोटं दिसली आणि कार्यक्रम संपला.

"केस बरे दिसले," वहिनी म्हणाली, आणि तिनं टीव्ही बंद केला.

पुढच्या रविवारी धक्क्यावर बरीच नवी माणसं आली. राक्षस कुठल्या बाजूला दिसतो, असं विचारत. कप्तान त्यांना सांगत होती की सांगता येत नाही, पण तलाव सुंदर आहे. त्या गर्दीत एक मध्यम वयाचा घड्याळजी होता. खिडकीशी तो आला तेव्हा त्यानं तिकीट मागितलं नाही.

"बाई, मी पाचवा," तो म्हणाला. "तुम्ही टीव्हीवर मोजलंत, त्यातला पाचवा. तीन वर्षं इकडं यायला तोंड नव्हतं. जॅकेट न घेता जायची घाई आम्हीच केली होती. त्यांनी आधी नाही म्हटलं होतं, आम्ही हट्ट धरला."

वहिनीनं खिडकी बंद केली नाही. मागचं दार उघडलं, त्याला आत घेतलं, बाकावर बसवलं, पाणी दिलं. "पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "काही गाळू नका."

कप्ताननं दारातून दोघांकडे पाहिलं. लाँच भरली होती, माणसं घड्याळं बघत होती. ती धक्क्यावर परत गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दहाची फेरी आज थोडी उशिरा सुटेल. घाई असेल त्यांनी काठानं चालत जावं."

मग ती आत जाऊन वहिनीच्या शेजारी बसली.